टोल, जकात आणि पथकर : कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातील शब्दार्थाचा वाद

कोल्हापूर शहरात सुमारे २०११ ते २०१५ ह्या काळात टोलविरोधी आंदोलन झाले. राजकीय चळवळ म्हणून वृत्तपत्रांत त्याची बरीच नोंद झाली आहे. परंतु ह्या आंदोलनाला आणखी एक बाजू आहे. शहराच्या अंतर्गत रस्त्यांवर आकारावयाच्या रकमेला नेमके काय म्हणावे, ह्याविषयी शासन, कंत्राटदार आणि नागरिक ह्यांच्यात एकवाक्यता नव्हती. एकाच रकमेला एक पक्ष सेवेचा मोबदला समजत होता आणि दुसरा पक्ष लूट समजत होता. शब्द एक आणि अर्थ दोन, अशी स्थिती चार-पाच वर्षे टिकली, आणि अखेर जो निर्णय झाला त्यातही हा अर्थभेद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात ह्या वादाचे स्वरूप, त्यामागील शब्दांचा इतिहास आणि वादाच्या निकालाचा अर्थ ह्यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. शब्दांची पूर्वपीठिका

वाटेने जाणाऱ्याकडून पैसे घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सीमेवरील अधिकाऱ्याने, म्हणजे अंतपालाने, मालाच्या वाहनामागे सव्वा पण इतकी 'वर्तनी' घ्यावी असे सांगितले आहे. घोड्यासारख्या एकखुरी जनावरामागे एक पण, गुरामागे अर्धा पण, लहान जनावरामागे पाव पण आणि खांद्यावरील ओझ्यामागे एक माषक असे दर तेथे दिले आहेत. ह्या दरांपेक्षा त्यांच्या पाठोपाठ येणारी अट अधिक महत्त्वाची आहे. वाटेत जे हरवेल अथवा चोरीस जाईल त्याची भरपाई अंतपालाने करावयाची आहे. म्हणजे 'वर्तनी' ही केवळ वसुली नव्हती. ती घेणाऱ्यावर वाट सुरक्षित राखण्याचे बंधन पडत असे. घेणे आणि देणे ह्यांचा हा जोड पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

'जकात' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. मूळ अरबीत तो इस्लाममधील विहित दानधर्माचा वाचक आहे आणि त्याच्या धातूत शुद्धी व वृद्धी हे अर्थ आहेत. मराठीत येईपर्यंत त्यातील धर्माचा अंश गळून पडला व मालावरील कर एवढाच अर्थ उरला. मराठी राज्याच्या कागदपत्रांत जकातीचे 'थळभरीत', 'थळमोड' असे प्रकार आढळतात. माल कोठे भरला आणि कोठे विकला ह्यावरून हे भेद केलेले होते. ह्या वसुलीचा अनेकदा इजारा अथवा मक्ता दिला जाई. सरकारला ठरीव रक्कम भरावयाची आणि रयतेकडून वसुली आपल्या जोखमीवर करावयाची, हे मक्तेदाराच्या व्यवहाराचे सूत्र होते. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या उत्पन्नात जकातीला मोठे स्थान राहिले. पुढे शहरांतून ती टप्प्याटप्प्याने उठत गेली आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईतूनही ती नाहीशी झाली. शहराच्या वेशीवरील 'जकात नाका' हे ठिकाण मात्र बोलण्यात अजूनही टिकून आहे. नाका उठला तरी बसथांब्याचे नाव उठत नाही.

'टोल' हा शब्द इंग्रजीतून आला. युरोपीय भाषांतील त्याचे मूळ लॅटिनमार्गे ग्रीकमधील कर आणि करनाका ह्या अर्थांच्या शब्दांपर्यंत नेले जाते. ब्रिटिश अमदानीत १८५१ चा टोलविषयक कायदा आणि मुंबई इलाख्यातील १८७५ चा रस्ते व पूल ह्यांवरील टोलचा कायदा ह्यांमुळे ही संस्था कायद्यात रुजली. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ५९ व्या नोंदीत टोलचा स्वतंत्र निर्देश आहे. महाराष्ट्रात राज्याच्या रस्त्यांवरील टोलला १९५८ च्या मोटार वाहन कराच्या कायद्यातील २० व्या कलमाचा आधार घेतला जातो. शासकीय मराठीत त्यासाठी 'पथकर' हा शब्द योजला जातो. तो सुबोध आहे, पण त्यात 'कर' हे उत्तरपद असल्यामुळे एक अडचण उत्पन्न होते. कर म्हणजे सक्तीचे देणे. विशिष्ट सेवेच्या बदल्यात दिले जाते ते शुल्क. १९५४ साली शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्या दोहोंतील भेद स्पष्ट केला होता. पुढील निर्णयांत तो बराच सैल झाला, तथापि सामान्य माणसाच्या मनात तो कायम आहे. टोल हा ह्या दोहोंच्या सीमेवर उभा असलेला शब्द आहे. 'पथकर' म्हटले की तो कराच्या बाजूला झुकतो. 'वापराचा मोबदला' म्हटले की शुल्काच्या बाजूला. कोल्हापूरचा वाद ह्याच सीमेवर उभा राहिला.

२. प्रकल्प आणि त्याचे सूत्र

कोल्हापूर शहरातील सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या रस्त्यांचा एकात्मिक विकास करावा अशी योजना आखण्यात आली. कोल्हापूर महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आय. आर. बी. समूहातील एक कंपनी ह्यांच्यात २००८ साली त्रिपक्षीय करार झाला. प्रकल्पाचा खर्च सुमारे २२० कोटी रुपये होता. कंपनीने रस्ते बांधावयाचे आणि तीस वर्षे टोल गोळा करून आपला खर्च व नफा वसूल करावयाचा, अशी व्यवस्था होती. त्यासाठी शहरात प्रवेश करण्याच्या मार्गांवर नऊ नाके योजले गेले. शिरोली, उचगाव, फुलेवाडी, कळंबा ही त्यांपैकी काही ठिकाणे. शिवाय टेंबलाईवाडी येथील मोक्याची जमीनही कंपनीला देण्यात आली, आणि ती आक्षेपाचा एक स्वतंत्र विषय झाली.

अशा योजनांना मराठीत 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' असे नाव रूढ झाले आहे. ह्या नावाची व्याकरणदृष्ट्या तपासणी करण्यासारखी आहे. त्यात तीन आज्ञार्थी क्रियापदे आहेत आणि कर्ता अध्याहृत आहे. बांधावयाचे कोणी, हे स्पष्ट आहे : कंत्राटदाराने. हस्तांतरितही त्यानेच करावयाचे. मग व्याकरणाच्या न्यायाने 'वापरा' ह्याचाही कर्ता तोच ठरतो. मूळ इंग्रजी संज्ञेतील मधल्या क्रियापदाचा अर्थ 'चालवणे' असा आहे. मराठीत त्याचे 'वापरणे' झाले आणि त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. रस्ता वापरतो तो नागरिक. परंतु योजनेच्या नावातील वापरणारा हा कंत्राटदार. नागरिकाला ह्या वाक्यात कोठेही स्थान नाही. पैसे देणारा तोच असताना तीन क्रियापदांपैकी एकाचाही तो कर्ता नाही. 'द्या' हे चौथे क्रियापद नावातून गाळले गेले आहे आणि तेच एक त्याच्या वाट्याचे होते. भाषांतर करणाऱ्याचा असा काही हेतू असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि व्यवहाराचे खरे स्वरूप ह्या अनवधानातून बरेचसे उघड झाले. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर हा रस्त्याचा मक्ता होता. त्यात बांधकामाची जबाबदारी नव्याने जोडलेली होती, एवढाच फरक.

३. आक्षेपाचे स्वरूप

नागरिकांचे आक्षेप अनेक होते. कामे अपुरी आहेत, दर्जा कराराप्रमाणे नाही, गटारे व पदपथ नीट झालेले नाहीत, जमीन अल्प मोलाने दिली, असे मुद्दे सभांतून आणि निवेदनांतून मांडले गेले. हे सर्व आक्षेप हिशेबाचे होते. ते मान्य झाले असते तर फार तर टोलचा दर अथवा मुदत कमी झाली असती. परंतु आंदोलनाची मागणी दर कमी करण्याची नव्हती. टोल मुळातच नको, ही ती मागणी होती. ह्याचे कारण हिशेबात सापडत नाही. ते रस्त्याच्या स्वरूपात शोधावे लागते.

दोन गावांमधील मार्ग आणि गावातील रस्ता ह्यांत मराठी भाषा पूर्वीपासून भेद करीत आली आहे. 'वाट', 'मार्ग', 'हमरस्ता' हे शब्द प्रवासाशी निगडित आहेत. 'गल्ली', 'बोळ', 'आळी', 'पेठ' हे शब्द राहण्याशी निगडित आहेत. मार्गावरून माणूस जातो. गल्लीत तो राहतो. टोलची कल्पना पहिल्या वर्गाशी सुसंगत आहे. प्रवासी मार्गावर येतो, त्याचा उपयोग करून घेतो, मोबदला देतो आणि निघून जातो. त्याला बहुधा दुसरी वाटही उपलब्ध असते. शहराच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाचे तसे नाही. फुलेवाडीहून महाद्वार रोडवर खरेदीस जाणारा, कळंब्याहून मुलाला शाळेत पोचवणारा, अथवा उचगावहून दवाखान्यात येणारा माणूस प्रवासाला निघालेला नसतो. तो आपल्या गावातच वावरत असतो. त्याच्या दृष्टीने नाका हा मार्गावर नसून घर आणि बाजार ह्यांच्या मध्ये आलेला असतो, आणि त्याला टाळून जाणारा सोयीचा रस्ता नसतो.

हा भेद केवळ भावनेचा नाही. राष्ट्रीय महामार्गांवरील शुल्कासंबंधीच्या २००८ च्या नियमांतही त्याची दखल घेतलेली आढळते. त्या नियमांनुसार शुल्कनाका सामान्यतः नगरपालिका हद्दीपासून दहा किलोमीटरच्या पलीकडे असावा लागतो. ह्याला अपवाद आहेत; पण अपवाद करावे लागतात ह्यावरूनच मूळ तत्त्व कोणते ते कळते. नाक्याजवळ राहणाऱ्या खाजगी वाहनधारकांसाठी सवलतीच्या मासिक पासाचीही तेथे तरतूद आहे. कोल्हापूरचे रस्ते राष्ट्रीय महामार्ग नव्हते, म्हणून हे नियम त्यांना लागू नव्हते. परंतु जे बंधन महामार्गाच्या बाबतीत विचारपूर्वक घातले गेले, ते शहराच्या गल्लीपेठांच्या तोंडाशी येताच नाहीसे व्हावे, ह्यातील विसंगती नागरिकांनी ओळखली होती. रस्ते बांधणे व राखणे हे महानगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी घरपट्टी भरली जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या गोष्टीसाठी कर दिला तिच्यासाठी पुन्हा मोबदला का द्यावा, हा प्रश्न सोपा होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

शासनाच्या बाजूनेही एक युक्तिवाद होता व त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. महानगरपालिकेजवळ एवढे भांडवल नव्हते. रस्ते हवे असतील तर कोठून तरी पैसा उभा करणे भाग होते, आणि जो वाहन चालवतो त्याने तो द्यावा, हे सर्वांवर कर बसवण्यापेक्षा न्याय्य आहे, असे म्हणता येते. करार झाला तेव्हा महानगरपालिकेतील लोकप्रतिनिधींची त्याला संमती होती. प्रतिनिधीने दिलेली संमती ही नागरिकाची संमती मानावयाची की नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. कोल्हापूरकरांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले.

४. आंदोलनाची भाषा

विरोधासाठी सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती स्थापन झाली. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील हे तिचे नेतृत्व करीत होते. कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. गोविंद पानसरे हेही आंदोलनात अग्रभागी होते. समितीच्या नावातील 'सर्वपक्षीय' हे विशेषण अर्थपूर्ण होते. तालमी, तरुण मंडळे, व्यापारी, वकील आणि निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले. त्यांत सत्तेवरील पक्षांचे स्थानिक कार्यकर्तेही होते. २०१२ आणि २०१३ साली शहरात मोठे मोर्चे निघाले.

आंदोलनाचे मुख्य वाक्य होते : 'टोल देणार नाही'. ह्या वाक्यात काळ भविष्य दिसतो, पण त्याचे कार्य भविष्यकथनाचे नाही. मराठीत '-णार नाही' ही रचना प्रथमपुरुषी आली की ती निश्चय अथवा नकार व्यक्त करते. 'उद्या पाऊस पडणार नाही' आणि 'मी पैसे देणार नाही' ह्या वाक्यांची घडण एक असली तरी पहिले अनुमान आहे आणि दुसरे प्रतिज्ञा आहे. दुसरी गोष्ट अशी की 'देणार नाही' हे रूप 'मी' आणि 'आम्ही' ह्या दोन्ही कर्त्यांशी सारखेच जुळते. मोर्चात उच्चारले तर ते समुदायाचे वाक्य होते, आणि नाक्यावर एकट्या वाहनचालकाने उच्चारले तर त्याचे स्वतःचे. 'टोल रद्द करा' ही मागणी शासनाकडे असते आणि तिची पूर्तता शासनाच्या हाती असते. 'देणार नाही' ह्या वाक्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते. आंदोलनाचे बळ बव्हंशी ह्या वाक्यात होते आणि त्याची जोखीमही तेथेच होती, कारण नकार नाक्यावर प्रत्यक्षात आणावयाचा तर संघर्ष अटळ होता.

'टोल' ह्या परक्या शब्दाला मराठीने ह्या काळात जे नातेवाईक जोडून दिले तेही पाहण्यासारखे आहेत. 'टोळधाड' ह्या जुन्या शब्दावरून 'टोलधाड' हा शब्द प्रचारात आला. उभे पीक फस्त करणाऱ्या कीटकांचे चित्र त्यातून आपोआप उभे राहते, आणि शेतीशी नाते असलेल्या मुलखात त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याला मराठीत 'टोलवाटोलवी' म्हणतात. महानगरपालिका महामंडळाकडे, महामंडळ शासनाकडे आणि शासन कराराकडे बोट दाखवू लागले तेव्हा ह्या शब्दाला दुहेरी अर्थ प्राप्त झाला. ह्या शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने इंग्रजी 'टोल'शी काही संबंध नाही. परंतु बोलणाऱ्यांना ध्वनिसाम्य पुरेसे होते. परका शब्द लोकांच्या रागाचा विषय होतो तेव्हा तो किती लवकर घरचा होतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. 'पथकर' ह्या शासकीय शब्दाला असे एकही नाते जडले नाही. तो अधिसूचनांतच राहिला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोल बंद होईल असे मंत्र्यांकडून जाहीर करण्यात आले, परंतु वसुली चालूच राहिल्याचे पाहून १२ जानेवारी रोजी जमावाने नाक्यांची मोडतोड व जाळपोळ केली. ह्या घटनेचे समर्थन करता येत नाही. तिच्या कारणात मात्र दिलेल्या शब्दाचा आणि घडलेल्या कृतीचा विरोध आहे, हे नोंदवणे आवश्यक आहे. ह्यानंतर वाद न्यायालयांत गेला आणि २०१४ सालीच वसुली कधी थांबली, कधी पुन्हा सुरू झाली. ह्या काळात 'बंद', 'स्थगित' आणि 'रद्द' हे तीन शब्द शहरात प्रत्येकाला वेगवेगळे कळू लागले. 'बंद' हे केवळ स्थितीचे वर्णन आहे. जे बंद झाले ते पुन्हा उघडते. 'स्थगित' ह्यात अधिकार कायम राहतो, त्याचा अंमल थांबतो. 'रद्द' ह्यात अधिकारच संपतो. एरवी वकिलांपुरता असणारा हा भेद सामान्य माणसाने आत्मसात केला, आणि स्थगितीच्या घोषणांवर समाधान मानण्याचे नाकारले.

५. तुलनेसाठी एक उदाहरण

नाक्यांविरुद्धचा रोष हा एकाच देशाचा विशेष नाही. दक्षिण व पश्चिम वेल्समध्ये १८३९ साली आणि पुन्हा १८४२ व १८४३ ह्या वर्षांत शेतकऱ्यांनी टोलची फाटके रात्रीच्या वेळी उद्ध्वस्त केली. त्या भागात रस्ते निरनिराळ्या विश्वस्त मंडळांकडे होते आणि जमिनीला घालण्यासाठी चुना आणणाऱ्या शेतकऱ्याला थोड्या अंतरात अनेक फाटकांवर पैसे द्यावे लागत. स्त्रीवेष धारण केलेल्या पुरुषांच्या ह्या टोळ्यांचा नायक 'रिबेका' ह्या नावाने ओळखला जाई. हे नाव बायबलमधील एका आशीर्वादातून घेतल्याचे मानले जाते. त्यात रिबेकेची संतती शत्रूंच्या वेशी जिंकील असे म्हटले आहे. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८४४ च्या कायद्याने ती विखुरलेली मंडळे एकत्र करून जिल्हावार व्यवस्था केली.

साम्य असे की दोन्हीकडे रोष दूरच्या प्रवाशाचा नव्हता. नित्याच्या कामासाठी थोडे अंतर जाणाऱ्या रहिवाशाचा होता. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. वेल्समधील आंदोलकांना नाव आणि वेष बदलून रात्री यावे लागले, कारण त्यांना बोलण्यासाठी सभा अथवा प्रतिनिधित्व पुरेसे उपलब्ध नव्हते. कोल्हापुरात नेते नावानिशी, दिवसा, भर चौकात बोलत होते. त्यामुळे तेथील वाद हा बहुतांशी शब्दांनी लढता आला.

६. 'रद्द' ह्या शब्दाचा अर्थ

डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने कोल्हापूरचा टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. तो दिवस पाहण्यास कॉ. पानसरे हयात नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. प्रा. एन. डी. पाटील ह्यांचे निधन जानेवारी २०२२ मध्ये झाले. शहरात निर्णयाचे उत्साहाने स्वागत झाले आणि ते स्वाभाविक होते.

परंतु अभ्यासकाने येथे थांबता कामा नये. करार अस्तित्वात होता, रस्ते बांधलेले होते, आणि कंपनीचे देणे बाकी होते. ते भागवण्यासाठी चारशे कोटींहून अधिक रकमेचा भार शासकीय तिजोरीतून उचलण्यात आला. म्हणजे टोल रद्द झाला. खर्च रद्द झाला नाही. तो पथकराच्या सदरातून सर्वसाधारण कराच्या सदरात गेला. कोल्हापुरात येणाऱ्या वाहनचालकाने जे द्यावयाचे होते ते आता ज्याने कोल्हापूर पाहिलेही नाही अशा करदात्याने दिले. ह्याला अन्याय म्हणावे काय? गावातील रस्ता ही सार्वजनिक संस्था आहे आणि तिचा खर्च सर्वांनी मिळून करावयाचा आहे, हे तत्त्व मान्य असेल तर ह्यात अन्याय नाही. उलट हाच आंदोलनाचा मूळ सिद्धांत होता. मात्र ते तत्त्व एका शहराला लागू केले की इतर शहरांनाही लागू करावे लागते. एकीकडे टोल रद्द आणि दुसरीकडे चालू, ही स्थिती तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. ती आंदोलनाच्या बळाने ठरते.

राज्यात पुढे जे निर्णय झाले त्यांतही हा संदिग्धपणा दिसतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी 'टोलमुक्त महाराष्ट्र' हा शब्दप्रयोग गाजला. 'मुक्त' हे उत्तरपद मराठीत ऋण, भय, रोग, बंधन अशा शब्दांना जोडले जाते. त्यातून सुटका झाली की काही शिल्लक राहत नाही अशी त्यात भावना असते. प्रत्यक्षात २०१५ च्या मध्यास राज्यातील बारा नाके बंद झाले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर हलकी वाहने व एस. टी. बसगाड्या ह्यांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. 'सूट' आणि 'माफी' हे शब्द 'मुक्ती'पेक्षा निराळे आहेत. माफीत देणे मान्य असते आणि घेणारा औदार्य दाखवतो. कोल्हापूरच्या नागरिकांनी माफी मागितली नव्हती. देणे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की कोल्हापूरच्या वादात दराचा प्रश्न दुय्यम होता. घरापासून बाजारापर्यंतची वाट ही नागरिकाला मिळणारी सेवा आहे की त्याच्या नागरिकत्वाचाच एक भाग आहे, हा मुख्य प्रश्न होता. ती सेवा मानली तर टोल हे शुल्क ठरते आणि ते मागण्यात गैर काही नाही. ती नागरिकत्वाचा भाग मानली तर टोल हा घरी परतण्यावरील कर ठरतो. करारात पहिले उत्तर गृहीत धरले होते. रस्त्यावर दुसरे उत्तर दिले गेले. करार करण्यापूर्वी हा प्रश्न नागरिकांना समजेल अशा मराठीत विचारला गेला असता तर पुढील पाच वर्षांचा संघर्ष आणि तिजोरीवरील भार ह्यांपैकी बरेच काही टळले असते. कौटिल्याच्या अंतपालाने वर्तनी घेताना हरवलेल्या वस्तूची जबाबदारीही स्वीकारली होती. जो नाका काय घेतो हे फलकावर लिहितो, त्याने त्याबद्दल काय द्यावयाचे आहे हेही त्याच फलकावर, त्याच अक्षरांत लिहावे, एवढी अपेक्षा ह्या इतिहासावरून करावयास हरकत नाही.